फाशाच्या आधी

तीन आठवडे मी त्या रिसीव्हरपुढे डोकं फोडत होते. संदेश वाहणारी लहर सहा वारंवारतांवर उड्या मारायची. प्रत्येक उडीनंतर तिला शोधून संदेश वाचायचा, एवढंच त्या ठोंब्याला जमत नव्हतं. सरांनी बजावलं होतं, आज चार वाजेपर्यंत जमलं नाही तर उद्यापासून येऊ नकोस.

पुढची उडी कितव्या वारंवारतेवर, ते शेजारच्या खोलीत ट्रान्समीटरवाले काका फासा टाकून ठरवत. संगणकाच्या आकड्यांवर त्यांचा काडीचा विश्वास नव्हता.

तीन वाजता रिसीव्हर चारवर जाऊन थांबला. मग फोनवर काका म्हणाले, "चार."

रिसीव्हर दोनवर गेला. "दोन."

"काका, फासा टाकल्याबरोबर सांगा ना! इतका उशीर?"

"उशीर कसला, बाई? फासा आत्ता पडतोय."

"मग हा आधीच कसा पोचतो?"

तेवढ्यात रिसीव्हर सातवर गेला. सातवी वारंवारता आम्ही बनवलीच नव्हती, तरी संदेश स्वच्छ येत होता.

"आता हे काय नवीन!" मी ओरडले. "काका, थांबा, टाकू नका!"

फोनमधून फासा टेबलावर घरंगळल्याचा आवाज आला.

"किती पडले?"



"बाळा, ठिपके तूच येऊन मोज."