टेपचं दुसरं टोक

एकोणीसशे एकोणऐंशी साल. रविवारची सकाळ. गाडीच्या एका अंगाला नवरा, आरशाच्या टोकाला टेप लावून उभा. पलीकडच्या अंगाला टेपचं दुसरं टोक धरून सासूबाई. मध्ये गाडी, त्यामुळे मायलेकांना एकमेकांचे हात दिसत नव्हते.

"ताठ धर गं आई," तो म्हणाला.

"ताठच आहे. तू आकडा वाच."

त्याने आकडा वाचला, त्यात चार बोटं मिळवली आणि शेडच्या मागच्या खांबावर पेन्सिलीने लिहून ठेवला. सून खाली मान घालून बटण लावत होती.

त्या घरात धड उजेडाची जागा एकच, घराला लागून चार खांबांवर टाकलेली गाडीची उघडी शेड. नवरा गाडी घेऊन कामावर गेला की सून तिथे शिलाई मशीन मांडायची. रस्ता दिसायचा. शेजारणी उसवलेलं काहीबाही घेऊन यायच्या, घटकाभर टेकायच्या. घरातली कुठलीही खिडकी उघडली तर समोर शेजारच्याची भिंत. स्वयंपाकघरात डब्यांच्या फळ्या होत्या, तिथे पूर्वी म्हणे रस्त्याकडची खिडकी होती. सासऱ्यांनी स्वतःचं लग्न झाल्या वर्षीच ती बुजवून घेतली होती.

नवऱ्याला शेजारणींचा हा राबता खपत नसे. शेडचं गॅरेज करायचं त्याने ठरवलं. दोन्ही बाजूंना भिंती, पुढे लाकडी चौकट, दार, कुलूप. किल्ली त्याच्या खिशात आणि मशीन आतल्या खोलीत. दिवसा मग मी बसू कुठे, असं सुनेने एकदाच विचारलं. घर काय लहान आहे का, असं तो म्हणाला. सासूबाई कपड्यांच्या घड्या घालत होत्या. त्यांनी वरसुद्धा पाहिलं नाही.

सुतार जुना, मुरलेला माणूस. आकडा बघून तो थबकला. दार म्हणजे काही गाडीचा सदरा नव्हे साहेब, जरा ढिलं असू द्या, निदान मला एकदा मोजू द्या, म्हणाला. मी काय अडाणी आहे का, असं नवऱ्याने विचारलं. तेव्हा सासूबाई पुढे आल्या.

"त्याचं माप कधी चुकत नाही. तुम्ही कापायला घ्या."

या घरात आपल्या बाजूचं कोणी नाही, हे सुनेला त्या क्षणी पक्कं कळलं.

सुताराने छताला टेकू दिले. दोन्ही अंगांना उभी लाकडं ठोकली, त्यांवर जाड तुळई चढवली आणि कडेच्या मोकळ्या जागा फळ्यांनी बंद केल्या. मंगळवारी समोरचं झाड दिसेनासं झालं, गुरुवारी कोपऱ्यावरचं दुकान. शनिवारी दाराएवढाच उजेड उरला. दार यायचं बाकी होतं. सुनेने मशीनवर चादर घातली.

रविवारी नवऱ्याने गाडी आत घ्यायला सुरुवात केली. डावा आरसा चौकटीला लागला. मागे घेऊन पुन्हा घातली, तर उजवा लागला. तेव्हाच्या गाड्यांचे आरसे दुमडत नसत. तो उतरून सुतारावर घसरला. सुताराने शांतपणे मागच्या खांबावर बोट ठेवलं.

"आकडा तुमच्या अक्षरातला आहे, साहेब."

तुळई त्याच मापाला कापलेली. रुंदी वाढवायची तर पुन्हा टेकू, पुन्हा सगळं पुढचं अंग उतरवायचं, आणि सुतारासमोर 'माझं चुकलं' म्हणायचं. त्याला ते शेवटचं जमलं नाही. गाडी रस्त्यावरच राहिली. दार कधी बसलंच नाही. पुढच्या आठवड्यात सुनेने मशीन त्या उजेडात नेऊन ठेवलं आणि तो पाहून न पाहिल्यासारखं करून कामावर गेला.

सुतार पुढे लेकीच्या गावी गेला. गाडी रस्त्यावर गंजली, भंगारात गेली. एका मशीनची चार मशीनं झाली. निवृत्तीनंतर नवरा त्याच चौकटीत खुर्ची टाकून बसायचा आणि आल्यागेल्या बायकांना 'या, बसा' म्हणायचा.

चौकट उभी राहिल्यावर सासूबाई अकरा वर्षं जगल्या. शेवटच्या आजारपणात त्यांनी आपली खाट गॅरेजमध्ये घालायला लावली. एका दुपारी सून शेजारी बसून काजं करत होती. रस्त्यावरची नजर न काढता त्या म्हणाल्या, "आरसा सोडून मी गाडीच्या पत्र्याला टेप धरली होती गं. खिडकी बुजवली तेव्हा मला कोणी टेप धरायला बोलावलं नव्हतं."