‘द’ची पेटी

“‘द’ची पेटी तेवढी राहू दे,” काकू म्हणाल्या. “बाकीच्या खुशाल न्या.”

“‘द’ वगळून शब्दकोश कसा छापू, काकू?” संपादकबाई हसल्या. “शिवाय ‘दडवणे’चा उगम अडलाय. काकांनी काही लिहून ठेवलंय का, तेच बघायचंय.”

त्यांनी खाली बसून पेटी उघडलीसुद्धा. दिवंगत काकांच्या हातच्या, कोशासाठी लिहिलेल्या चिठ्ठ्या. प्रत्येक शब्दाखाली एक वाक्य, आणि तेही स्वतः पाहिलेलं नाहीतर ऐकलेलं, तारखेसकट. त्या बाबतीत काकांनी कधी कुणाची भीडभाड ठेवली नाही.

“हे ऐका. ‘दाणादाण: झुरळामागे लागून मी डब्यांच्या फळीची दाणादाण उडवली.’”

“जन्मात एकदाच स्वयंपाकघराला हात लावला, तो असा,” काकू म्हणाल्या.

त्या दिवशी मात्र काकूंच्या तोंडचं पाणी पळालं होतं. दूरच्या विद्यापीठाने काकांना मोठ्या हुद्द्यावर बोलावलं होतं. काकूंची आई तेव्हा अंथरुणाला खिळलेली. पत्र काकूंच्या हाती पडलं आणि त्यांनी ते फळीवर अंथरलेल्या कागदाखाली सरकवलं. झुरळाचा गोंधळ निवल्यावर पाहिलं, तर पत्र जागच्या जागी. जीव भांड्यात पडला.

पण त्यानंतरही काका महिनाभर रोज विचारत होते, “पोस्टमन आला होता का?” मग विचारेनासे झाले. माणसाने आशा सोडली, हे काकूंना कळलं. एकतीस वर्षं त्या ते पाहून आतल्या आत झुरल्या, पण बोलायचा धीर झाला नाही. आणि आता या पेटीत ‘दुःख’ होतं, ‘दुर्दैव’ होतं. त्यांखाली काकांनी काय लिहिलं असेल?

“‘दुःख’ आहे का त्यात?” त्यांनी हळूच विचारलं.

“आहे की. ‘दाढ काढल्याचे दुःख नाही, चुकीची काढल्याचे आहे.’ शेजारच्या वकिलांचं.”

काकूंनी कपाळाचा घाम पुसला. “मग न्या पेटी.”

“ही बघा सापडली. ‘दडवणे. उगम: शोधतो आहे. अर्थ: हाताशी असलेली वस्तू दुसऱ्याच्या नजरेआड ठेवणे.’ तारीख झुरळाचीच दिसते.” पुढचं वाक्य संपादकबाईंनी मनातच वाचलं आणि चिठ्ठी काकूंच्या हातात दिली.

‘तिने माझे पत्र कागदाखाली दडवले होते, मी ते वाचले आणि होते तसे पुन्हा तिथेच दडवले.’