पहिल्या रांगेतली खुर्ची

क्रीडा मंडळाने अनुयाला पहिल्या रांगेत खुर्ची दिली होती, मध्यरेषेच्या अगदी समोर. बाकीचं पनवेल दोरीमागे दाटीवाटीने उभं होतं. खुर्चीवर उशीसुद्धा होती. शेजारी महिला मंडळाच्या कृष्णाबाई तिचा हात हातात घेऊन बसल्या होत्या, आजारी माणसाजवळ बसावं तशा.

"घाबरू नकोस गं. अख्खं पनवेल तुझ्या बाजूला आहे."

होतंच. मागच्या गणपतीत याच पनवेलने तिच्या नवऱ्याला, इंद्रजीतला, उघड्या जीपमधून मिरवलं होतं. राज्याच्या कबड्डी संघाचा कप्तान म्हणून आरतीचं ताट पुढाऱ्यांच्या आधी त्याच्या हातात दिलं होतं. मग गेल्या महिन्यात इथल्या साप्ताहिकाच्या पहिल्या पानावर फोटो आला: मोरा बंदरावर लाँचमधून उतरणारा इंद्रजीत, आणि त्याचा हात धरून तो नोकरीला होता त्या बँकेतली रेवा. तो घर सोडून तिच्याकडे राहायला गेल्याचंही खाली छापलं होतं. तेव्हापासून गाव पिसाळलं होतं. ज्यांच्या स्वतःच्या घरातलं झाकायला चादर पुरत नव्हती, त्यांचा आवाज सगळ्यात चढा होता.

आज उरणशी अंतिम सामना होता. पनवेल एका गुणाने मागे, आणि शेवटची चढाई इंद्रजीतची. कप तर पनवेललाच हवा होता, आणि इंद्रजीतही तोंडावर आपटायला हवा होता. दोन्ही एकदम कसं जमायचं, याचा विचार करायला कुणाला सवड नव्हती.

मंडळाचे अध्यक्ष काशीरामशेठ खुर्चीमागून वाकून म्हणाले, "ताई, सोमवारपासून आपल्या बालवाडीत या. मी सांगून ठेवलंय. तुम्हाला कुणापुढे हात पसरावा लागणार नाही."

अनुयाने मान डोलावली. त्या नोकरीवर तिचं पुढचं सगळं होतं. माहेरी भावजय दारात उभं करत नव्हती.

इंद्रजीतने मध्यरेषेला हात लावून माती कपाळाला लावली. सगळेच चढाईपटू लावतात.

"बायको हाय घरात, नि मातीच्या पाया पडतो," मागून कुणीतरी ओरडलं. "मातीला तरी बाटवू नको."

हशा पिकला. एक हिरवी बांगडी येऊन मैदानात फुटली. उरणच्याच एका खेळाडूने काच वेचून बाहेर टाकली, कारण सगळे अनवाणी होते.

इंद्रजीत रेषा ओलांडून आत शिरला आणि त्याने दम धरला. 'कबड्डी कबड्डी' सुरू झालं न झालं, तोच एका कोपऱ्यातून त्याच तालात आवाज उठला, "रेवा, रेवा, रेवा!" बघता बघता सगळं मैदान ओरडू लागलं. म्हातारेकोतारे, डॉक्टर, मास्तर, कडेवर पोरं घेतलेल्या बायका. कृष्णाबाईसुद्धा अनुयाचा हात धरूनच ओरडत होत्या.

इंद्रजीतने उजव्या कोपऱ्यातल्याला पाय लावला, वळता वळता दुसऱ्याच्या खांद्याला हात लावला आणि झेप घेऊन परत रेषेवर आला. अनुयाच्या खुर्चीपुढेच पडला. दोन गुण. पनवेलने कप जिंकला होता.

पंचाची शिट्टी वाजली. त्याने हात वर केला. दम ऐकू आला नाही, चढाईपटू बाद. गुण उरणला.

मग एकजण म्हणाला, "त्या बाईच्या नादात दमसुद्धा राहिला नाही ह्याच्यात." लगेच सगळ्यांना ते पटलं. कप कुणी घालवला ते ठरून गेलं. राज्य संघाच्या निवड समितीचे दोघे टेबलाशी एकमेकांच्या कानाला लागले. इंद्रजीत गुडघ्यांवर हात टेकून खाली बघत राहिला. त्याने वाद घातला नाही.

अनुया उठली. दोरीखालून वाकून पंचापुढे जाऊन उभी राहिली.

"दम चालू होता," ती म्हणाली. "रेषेवर येईपर्यंत चालू होता. मी समोरच बसले होते."

"बाई, मला ऐकू आला नाही."

"कसा येणार? ह्यांनी येऊ दिला का?" तिने हात केला तो गावाकडे.

काशीरामशेठ धावत आले. "अनुयाताई, काय बोलताय? आम्ही तुमच्यासाठीच ओरडत होतो."

"मी सांगितलं होतं तुम्हाला?"

अनुया पंचाकडे वळली. तिने आवाज खाली आणला नाही. "नवरा म्हणून मला ह्याचं तोंड बघायचं नाही. माझ्याशी तो खोटं बोलला, घर मोडून गेला. पण आत्ता, इथे, तो खोटं खेळला नाही. दम चालू होता. तेवढं लिहून घ्या."

पंचाने घाम पुसला आणि नियम तो नियम म्हणून निकाल कायम ठेवला. इंद्रजीतने एकदा तिच्याकडे पाहिलं. ती तोवर पाठमोरी झाली होती.

"बालवाडीचं आपण नंतर बघू," काशीरामशेठ तिच्याकडे न बघता म्हणाले आणि निवड समितीच्या चहाचं बघायला गेले.

ती जागेवर परतली तेव्हा मंडळाचा माणूस खुर्ची मिटत होता. उशी त्याने काखेत मारली होती. पिशवी घ्यायला ती वाकली. आजूबाजूच्या बायका पदर सावरत दोन पावलं मागे सरकल्या.

कृष्णाबाईंनी चपला पायात सरकवल्या. शेजारणीला म्हणाल्या, तिला ऐकू जाईल इतक्या मोठ्याने:

"उगाच नाही गेला तो."