वरच्या वाडीचा फोन

"आधी वाजू दे, मग सांग काय काय केलंस ते," असे म्हणून धोंडाबाई ओटीवर फोनसमोर मांडी घालून बसली.

फोन काळा, तारेचा. दोन महिने तो मुका होता, तरी ती रोज पदराने त्याच्यावरची धूळ पुसत होती.

रमीज उंबऱ्याला टेकून लॅपटॉपवर काम करीत होता. तो कुसगावच्या हॉटेलांतले फोन सांभाळणारा. किल्ल्याच्या पायथ्याच्या तिन्ही वाड्यांत मोबाइलला रेंज नव्हती, म्हणून त्याने शाळेतल्या एका जुन्या संगणकावर हे छोटे एक्स्चेंज उभे केले होते. अठरा घरे, अठरा फोन. कोणीही नऊ दाबला की सगळे एकदम वाजत आणि जो उचले तो त्याच बोलण्यात सामील होई. कोणाला साप चावला, कोणी कड्यावर अडकले, की नऊ. कड्याची वाट धोंडाबाईच्या अंगणातूनच वर जात असे, त्यामुळे बॅटरी घेऊन सर्वांत आधी तीच निघे.

ज्यांनी या एक्स्चेंजचे सॉफ्टवेअर लिहून सर्वांसाठी खुले ठेवले होते, त्यांची संस्था एका मोठ्या कंपनीने विकत घेतली. पुढच्या सुधारणेबरोबर नियम आला: फुकट फक्त पाच फोन. वाड्यांनी जीपवाल्यांचे पाच ठेवले. धोंडाबाईकडे जीप नव्हती.

मागच्या पंधरवड्यात पाय मुरगळलेली एक मुलगी धोंडाबाईच्या घरापासून दहा मिनिटांच्या चढावर तीन तास बसून होती. फोन मुका, त्यामुळे धोंडाबाईला ते दुसऱ्या दिवशी कळले.

"पन कंपनीनं घेतलंय न्हवं ते?" अंगणात जीपला टेकलेल्या सोपानने विचारले. "मग तू काय चोरून आनलंस?"

"चोरून कशाला, सोपानभाऊ? आधीचं लिहिलेलं सगळं खुलंच आहे, ते कुणाला परत कुलपात घालता येत नाही. कंपनीतून बाहेर पडलेले चार जण आणि ते वापरणारे आमच्यासारखे शंभर-दोनशे, यांनी तिथूनच पुढं लिहायला घेतलं. नाव तेवढं वेगळं ठेवलं. तेच बसवतोय."

"पगार कोन देतंय त्यांना?"

"कुणी नाही. शाळेतल्या जुन्या संगणकावर हे चालेना, तर पोर्तुगालमधल्या इनेस नावाच्या बाईनं दोन रविवार बसून जुळवून दिलं. मी तिला पाहिलेलंही नाही."

धोंडाबाईने मान वर केली. "म्हंजी इर्जिक घातली म्हन की."

रमीजला हसू आले. अडलेल्याच्या शेतात सगळ्यांनी एक दिवस बिनमजुरीने राबायचे, आणि त्याने सगळ्यांना पोटभर जेवू घालायचे. त्याच्या आजोबांच्या खाचरातही अशी लावणी झाली होती.

"इर्जिकच, मावशी."

"अन् जेवान कुनी घातलं?"

रमीजने डोके पुन्हा लॅपटॉपमध्ये घातले.

"न्हाई ना? राबवून घेतलं लोकास्नी अन् उपाशी धाडलं!"

"मावशी, ती पोर्तुगालला आहे."

"मग? तितं भूक लागत न्हाई व्हय?"

"आदी फोन तर वाजू द्या," सोपान म्हणाला. "इर्जिक घातली अन् पीकच न्हाई आलं, म्हंजी झालं!"

रमीजने लॅपटॉपवरूनच नऊ लावला.

खालच्या वाडीतून पहिली घंटा ऐकू आली. मग पिठाच्या गिरणीतली. मग ओढ्यापलीकडे सोपानच्या घरातली, मग ताजुद्दीनच्या दुकानातली. एकात एक मिसळत त्या चढण चढून वर आल्या. ओटीवरचा फोन मात्र गप्प होता. धोंडाबाईचा हात त्याच्यावर अधांतरी थांबला. रमीज पडद्याकडे वाकला.

फोन वाजला. इतक्या जोरात, की अंगणातली कोंबडी फडफडत जीपखाली शिरली.

"उचला की, मावशी!"

"वाजू दे जरा."

तिने तो तीनदा वाजू दिला. चौथ्यांदा उचलला, तेव्हा आतून सगळे एकदम बोलत होते. "कुटं यायचं?" "कोन अडकलंय?" "दोर घेऊ का?" खाली कुठेतरी एक जीप सुरूही झाली होती. चाचणी आहे हे सांगायला रमीजने हात पुढे केला. तिने तो बाजूला सारला.

"कुनी अडकलं न्हाई," ती फोनमध्ये ओरडून म्हणाली. "समद्यांनी सांच्याला हितं जेवाया या. इर्जिक हाये."

मग ताजुद्दीनचा आवाज आला, "कुनाची?"

"माजी!"

फोन ठेवून ती आत गेली आणि इंद्रायणीच्या कणगीतून मापाने तांदूळ काढू लागली. सोपान दारातून मोजत होता.

"बास, मावशी. अठरा घरांचं झालं."

"त्या बाईचं ऱ्हायलंय," ती म्हणाली आणि तिने माप पुन्हा शीग लागेपर्यंत भरले.