शेकोटीची जागा

शेजारच्या ओस्तोया गवंड्यानं खडूची रेघ पुन्हा उत्तरेच्याच भिंतीवर मारली.

"तिकडे नाही," रसेमा दारातूनच म्हणाली. "तीनदा सांगितलं तुला. शेकोटी पूर्वेच्या कोपऱ्यात. जुनी होती तिथंच."

"वहिनी, डोंगरावरचं वारं त्या बाजूनं येतं. धूर घरात लोटेल."

"माझ्या सासूनं चाळीस वर्षं तिथं राखेत रोट भाजले. तेव्हा वारं काय तुला विचारून वाहत होतं?"

एरवी तो हसला असता. पण त्याच्या थोरल्या भावाला, गोयकोला, जाऊन तीनच आठवडे झाले होते. दाढी वाढली होती; त्यांच्या सर्बांत चाळीस दिवस वस्तरा लावत नाहीत. लढाईच्या दिवसांत गोयको बंदूक घेऊन फिरणाऱ्यांतला होता. रसेमा त्याच्या मातीला गेली नव्हती, आणि ओस्तोयानंही तिला बोलावलं नव्हतं.

घर जुन्या पायावरच पुन्हा उभं राहिलं होतं. भिंती झाल्या, छप्पर चढलं. जमीन तेवढी अजून मातीची होती. ते काम ओस्तोया रोज उद्यावर ढकलत होता. स्वीडनहून अल्मासानं, रसेमाच्या लेकीनं, काचेच्या दाराच्या शेकोटीचं चित्र पाठवलं होतं. 'आई, बोस्नियातला हिवाळा तू एकटी काढणार, निदान ऊब तरी चांगली असू दे.' रसेमानं चित्राची घडी घालून ते कपाटात टाकलं. तिला काच नको होती. जागा हवी होती.

त्या कोपऱ्यात हिल्मो बसायचा, तिचा नवरा. रानातून लाकडं घेऊन आला की बूट दाराशी आणि पाय जाळाकडे. ओल्या लोकरीच्या मोज्यांतून वाफ निघायची. राखेत पुरलेला पहिला बटाटा तो तिच्या तळहातावर टाकायचा आणि ती चटक्यानं ओरडली की लहान मुलासारखा हसायचा.

मग तो उन्हाळा आला. बंदूकवाल्यांनी बायकापोरांना बसमध्ये कोंबलं, पुरुषांना मागं ठेवलं. त्याला एकोणतीस वर्षं झाली. रसेमानं रक्त दिलं, अल्मासानं दिलं; सापडलेल्या हाडांशी ते जुळवून बघतात. शेजारणींची माणसं एकेक करून सापडली. हिल्मोचा नखाएवढा तुकडा सापडला नाही. त्याच्यासाठी फातिहाची प्रार्थना म्हणायची तर कुठं उभं राहून? थडगं नाही, तर निदान त्याची बसायची जागा. तिथं जाळ पेटेल आणि ती समोर बसेल. एवढ्यासाठी ती परदेशातून परत आली होती.

"त्या कोपऱ्यात धुराड्याला वरची तुळई आडवी येते," ओस्तोया म्हणाला.

"तुळई तूच बसवलीस."

"चुकलो."

"साऱ्या खोऱ्यात तुझ्या हातच्या धुराड्यांचं नाव आहे. आणि बरा माझ्याच घरी चुकलास!"

तो ओळंब्याची दोरी गुंडाळत राहिला. कोपऱ्याकडे त्यानं पाहिलंही नाही. पहिल्या दिवसापासून तिनं टिपलं होतं. विटा, चुना, फळ्या, काहीही तो तिथं टाकू देत नसे. घमेलं भरलेलं असलं तरी वळसा घालून जायचा.

कारण तिला कळलं होतं. आठवड्यामागं ती कांद्याचं रोप मागायला त्याच्या घरी गेली, तेव्हा आलुबुखाराच्या झाडाखाली तिनं तीन कोरीव दगड पाहिले. मधल्यावर तिच्या सासऱ्यांनी टाकीनं कोरलेली चंद्रकोर. तिच्याच शेकोटीचे दगड. गवतात बुडालेले, कुठंही न वापरलेले. 

तिनं कॉफी केली. दोघं विटांच्या चळतीवर बसले.

"दगड मी पाहिले, ओस्तोया."

त्याचा पेला ओठांपाशी थांबला.

"तूच काढलेस?"

"मीच."

"घर जळल्यावर?"

"जळल्यावर. दुसऱ्या दिवशी."

"लोकांनी दारं नेली, कौलं नेली, सासूबाईंचं शिवणयंत्र नेलं. तू तीन दगड नेलेस. त्यासाठी इतके दिवस तोंड चुकवतोयस होय? जा, माफ केलं. अल्लाच्या साक्षीनं. आता लाज सोड, ते दगड आण आणि होते तिथं बसव."

ओस्तोयानं पेला खाली ठेवला. "वहिनी, माफी एवढ्या घाईनं देऊ नका."

"मग काय घड्याळ बघून देऊ?"

"शेकोटी जड असते. तिला पाया लागतो. दोन हात खोल खणावं लागेल तिथं."

"मग खण!"

"माझ्यानं नाही व्हायचं."

"पाठ धरलीय?"

तो गप्प राहिला. त्या गप्प बसण्यानं तिचं डोकं फिरलं. एकोणतीस वर्षं तिला सगळ्यांनी गप्प बसूनच उत्तर दिलं होतं, कचेऱ्यांनी आणि शेजाऱ्यांनीसुद्धा. आता आपल्याच घरात, आपल्याच शेकोटीसाठीही तेच? ती उठली. भिंतीला टेकवलेली कुदळ तिनं सत्तरी ओलांडलेल्या हातांनी उचलली, कोपऱ्यात गेली आणि खांद्याच्या वर नेली.

ओस्तोया धावला. त्यानं दोन्ही हातांनी दांडा पकडला. पण तो कोपऱ्याच्या कडेशीच उभा होता, तिथून वाकून, ताणून. पुढं पाऊल टाकत नव्हता. टोपी त्यानं कधी काढली होती कोण जाणे.

"सोड," ती म्हणाली. "घर माझं आहे."

"दादा होता तोवर तोंड उघडता आलं नाही, वहिनी." त्यानं दांडा सोडला नाही. "इथं कुदळ नको. माती हातांनी काढू. हिल्मोचं तोंड मी मक्केकडेच करून ठेवलंय."