जबड्याची चावी

निवृत्त सुभेदार सयाजीरावांचा घरात एकच शब्द चालायचा, तो म्हणजे 'न्हाई'. झोपेत त्यांचा श्वास अडकायला लागला, तेव्हा सांगलीच्या डॉक्टरांनी खालचा जबडा पुढं सरकवणारी कवळी दिली. ती तोंडात बसवून तिचा स्क्रू बारीक चावीनं घरीच थोडा थोडा फिरवायचा होता.

"आता बोलू नका आन् मानबी हलवू नका, चावी टोचंल," विजयमालाबाई नवऱ्याला म्हणाल्या. सुभेदार आ वासून बसले.

तेवढ्यात लेक क्रांती समोर येऊन उभी राहिली. "आबा, उद्या मी पोलीस भरतीला पळायला जातेय. नको असंल तर आत्ताच सांगा."

विजयमालाबाईंनी चावी तशीच धरून ठेवली.

"आज पैल्यांदाच तुझे आबा न्हाई म्हणाले न्हाईत. जा, पिशवीत बूट भर."