बऱ्या खांद्यावरचा हात

"वजन सगळं मी घेतो. तू नुसता हात लाव," कामावरचा जोडीदार तिसऱ्यांदा म्हणाला.

उजवा हात झोळीत अडकवून पैलवान खाटेवर बसला होता. खांद्याचं ऑपरेशन झाल्यापासून शर्टाची बटणंही बायको लावून देत होती, आणि लोकांची कपाटं पाठीवर वाहणाऱ्या माणसाला ही शरम टाक्यांपेक्षा जास्त ठणकत होती.

"डॉक्टरांनी जड उचलायला मनाई केलीय, भावजी. पुन्हा फाटला तर खांदा कायमचा गेला म्हणाले." बायकोने पाण्याचा पेला पुढे केला. जोडीदाराने तो घेतलाच नाही. तिने शेवटी पेला त्याच्यासमोर टेकवला, तर बोलण्याच्या भरात त्याने तो कोपराने लवंडला.

"डॉक्टरांना काय, वहिनी, त्यांनी कधी कपाट उचललंय?"

पैलवानाने शर्ट सरकवून टाक्यांचा व्रण दाखवला. जोडीदार खिडकीकडे तोंड करून म्हणाला, "छान भरलीय की जखम."

खालून हॉर्न वाजला. हल्ली जोडीदारसाहेबांना त्यांची लेक स्कूटरवरून आणायची आणि न्यायची.

"डोळ्याला डोळा भिडवत नाही हा माणूस," तो गेल्यावर बायको फरशी पुसत म्हणाली. "ओठात एक, पोटात एक."

पैलवानाने मुकादमाला फोन लावला.

"तुझ्या जोडीदाराने दोन आरसे फोडले," मुकादम उखडलाच होता. "वर म्हणतो, बदली माणूस तोंडच उघडत नाही. सामान हलवायला काय गप्पिष्ट माणूस शोधू? माझी जागा आता रिकामी होणार, तुमच्यापैकी एकाला द्यावी म्हणत होतो. पण आणखी एक आरसा फुटला तर त्याला घरीच बसवतो बघ."

पैलवानाने फोन ठेवला. म्हणजे जोडीदाराला फुटक्या आरशांचं खापर फोडायला कुणीतरी हवं होतं. शिवाय आपला खांदा पुन्हा फाटला की मुकादमाच्या जागेवर हाच. इतकी वर्षं ज्याच्याबरोबर घामाने भिजलो, त्याच्याबद्दल असं मनात यावं, याचं त्याला वाईट वाटलं. पण शंका एकदा घरात शिरली की हाकलून जात नाही.

जुन्या गोष्टीही त्याला वेगळ्या दिसू लागल्या. जिन्यावरून कपाट उतरवताना खालचा माणूस उलटा चालतो आणि वरचा त्याला बोलून वाट दाखवतो: पायरी, वळण, उंबरा. खालची बाजू जास्त जड. गेलं वर्षभर ती जोडीदार हट्टाने स्वतःकडे घेत होता. तेव्हा पैलवानाला ती माया वाटली होती. आता वाटलं, मुकादमाला दाखवायलाच केलं असणार.

"काय ते एकदा बघूनच येतो," दुसऱ्या दिवशी तो बायकोला म्हणाला. "उचलणार नाही, शप्पथ."

ट्रक एका अनोळखी इमारतीसमोर उभा होता. ऊन लख्ख पडलं होतं. पैलवानाचा आवाज ऐकताच जोडीदाराचा चेहरा असा फुलला, की इतकं सोंग कुणाला जमेल असं पैलवानाला क्षणभर वाटून गेलं.

"आलास? चल, आधी वर जाऊन कपाट बघून येऊ," म्हणत जोडीदाराने त्याच्या बऱ्या, डाव्या खांद्यावर हात टाकला. पैलवान मुकाट्याने चालू लागला. फाटकातून आत, अंगण ओलांडून, जिन्यापर्यंत तो हात तसाच होता. लाडीगोडी, दुसरं काय!

जिन्याच्या तोंडाशी पैलवानाला राहवलं नाही. त्याने खांदा झटकला आणि एकटाच भराभर वर चढला. आता येईल मागून, मग सरळ तोंडावर विचारू, काय वाकडं केलं मी तुझं?

मागून पावलं वाजली नाहीत. त्याने वळून पाहिलं. जोडीदार खालीच उभा होता, दोन्ही हात पुढे पसरलेले. बूट हळूहळू फरशीवर सरकवत तो काहीतरी शोधत होता.

"बोल की रे काहीतरी," जोडीदार भलत्याच दिशेला हसत म्हणाला. "पहिली पायरी कुठे आहे?"